प्रवाशाची पारख आधी चौल-दौलताबादेत करावी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अरब आणि मुस्लीम संस्कृती समजून घेण्यासाठी वाचावीत अशा प्रवासवर्णनांची यादी आली, याचा मनापासून आनंद झाला. रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी मस्कत, दोहा, कुवेत नाहीतर जेद्दाला नोकरीला आहे. तरी त्या मुलखाविषयी आपल्यापर्यंत पोहोचते ते बहुतांशी युद्धाच्या आणि तेलाच्या बातम्यांतून. पुस्तकांची वाट दाखवणारे कोणीतरी हवेच होते. मात्र यादीत दोन चुका आहेत आणि एक मोठी उणीव आहे. चुका लवकर सांगून होतील, उणिवेला जरा जागा लागेल.

पहिली चूक अरब आणि मुस्लीम हे शब्द एकाच अर्थाने वापरण्याची. नायपॉल यांचे ‘अमंग द बिलीव्हर्स’ (१९८१) ‘अरब जग’ या मथळ्याखाली छापले आहे. ते पुस्तक इराण, पाकिस्तान, मलेशिया आणि इंडोनेशिया या चार देशांचे. त्यांतला एकही अरब नाही. मीना प्रभूंचे ‘तुर्कनामा’ आणि ‘गाथा इराणी’ जरूर वाचावे, पण तुर्की ही वेगळ्याच कुळातली भाषा आणि फारसी तर मराठीची दूरची बहीण. जगातल्या मुसलमानांत अरब साधारण पाचवा हिस्सा. उलट इजिप्तचे कॉप्ट आणि लेबनॉनचे मॅरोनाइट अरबी बोलतात आणि चर्चमध्ये जातात. हे कप्पे वेगळे ठेवले नाहीत, तर तेहरानच्या घरातली रीत वाचक कैरोच्या माथी मारतो.

दुसरी चूक सालांची. यादीत पुस्तकाच्या नावापुढे फक्त ताज्या आवृत्तीचे साल आहे. एडवर्ड लेनचे इजिप्तच्या रीतिरिवाजांचे पुस्तक १८३६चे आहे. थेसिगरचे अरबस्तानच्या वाळवंटावरचे ‘अरेबियन सँड्स’ १९५९ साली आले, पण त्यातला प्रवास दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या चार-पाच वर्षांतला, म्हणजे तिथे तेलाचा पैसा पोहोचण्यापूर्वीचा. ते वाचून कोणी आज अबू धाबीला गेला तर त्याला पुस्तकातले काहीच दिसणार नाही. थेसिगर स्वतः १९७७ मध्ये परत गेला तेव्हा त्यालाही दिसले नव्हते.

आता उणीव. यादीतले जवळजवळ सगळे प्रवासी इंग्रज आहेत. अरबी साहित्यात प्रवासवर्णनाचा एक जुना, भरघोस प्रकार आहे, त्याला ‘रिहला’ म्हणतात. हजसाठी किंवा विद्येसाठी घर सोडायचे, वाटेतली शहरे, मशिदी, गुरू, बाजार, दर, अडचणी लिहून ठेवायच्या. त्या प्रकारातले एकही पुस्तक यादीत नाही. आणि गंमत अशी की मराठी वाचकाने सुरुवात करावी तर नेमकी तिथूनच, कारण त्या प्रवाशांपैकी काही जण आपल्याच किनाऱ्यावर उतरले होते. अनोळखी देशाविषयी एखादा किती खरे सांगतो हे ओळखायचे असेल, तर आधी तो आपल्या गावाविषयी काय सांगतो ते तपासावे. इंग्रज किंवा फ्रेंच वाचकाला ही सोय नाही. आपल्याला आहे.

अल्-मसूदी हा बगदादचा. हिजरी ३०४ साली, म्हणजे इ. स. ९१६-१७ मध्ये, तो सैमूरला होता. सैमूर म्हणजे रायगड जिल्ह्यातले चौल. कान्हेरीच्या लेखांत त्याचे नाव चेमुल असे येते. तो लिहितो की इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. काही सिराफ (इराणच्या किनाऱ्यावरचे बंदर), ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले, काही इथेच जन्मलेले. इथे जन्मलेल्यांना ‘बयासिरा’ म्हणतात. त्यांच्यातल्याच एकाला राजा प्रमुख म्हणून नेमतो, त्याला ‘हुनरमन’ म्हणतात आणि मुसलमानांचे तंटे त्याच्यापुढे जातात. स्थानिक राजाचे नाव तो ‘जंज’ असे देतो. हा उत्तर कोकणचा शिलाहार राजा झंझ. वरचा सम्राट ‘बल्हरा’, म्हणजे ‘वल्लभराज’, राष्ट्रकूटांचा किताब.

हे खरे मानावे का? दहा हजार हा आकडा गोळाबेरीज वाटतो आणि तसाच घ्यावा. पण बाकीच्या चित्राला साक्षीदार आहे. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या काळातला ताम्रपट शके ८४८चा, म्हणजे इ. स. ९२६चा आहे, मसूदीच्या भेटीनंतर दहाच वर्षांनी कोरलेला. त्यात संजानच्या मंडळाचा कारभारी ‘ताजिक’ वंशाचा ‘मधुमति’ आहे. मधुमति हे मुहम्मदचे संस्कृत रूप आणि ताजिक म्हणजे अरब. (ज्योतिषातल्या ‘ताजिक’ पद्धतीतही तोच शब्द राहून गेला आहे.) या अरब कारभाऱ्याने नदीवर फुकट तर चालवली, भात, कालवण आणि तूप वाढणारे अन्नसत्र उघडले, आणि भगवतीच्या मठाला दान द्यायला परवानगी दिली, असे तो ताम्रपट सांगतो. राष्ट्रकूटांच्या राज्यात अरबांना मान होता हे मसूदीचे म्हणणे म्हणजे परक्या व्यापाऱ्याची बढाई नव्हती. कोकणातल्या तांब्यावर ते कोरलेले आहे. एवढी पारख झाली की त्याच लेखणीने लिहिलेले बगदादचे किंवा कास्पियन समुद्राचे वर्णन आपण जास्त भरवशाने वाचू शकतो.

यापेक्षाही चांगली परीक्षा इब्न बतूताची होते. हा मोरोक्कोतल्या टँजियरचा. १३२५ साली, विशी-एकविशीत हजला निघाला तो चोवीस वर्षांनी घरी परतला. दिल्लीत मुहम्मद तुघलकाच्या नोकरीत काझी होता. १३४२ मध्ये सुलतानाचा वकील म्हणून चीनला निघाला आणि वाटेत दौलताबाद व नंदुरबारवरून खंबायतला उतरला. दौलताबादेत तो सांगतो की तिथल्या तळघरात मांजरापेक्षा मोठे उंदीर आहेत आणि मांजरेच त्यांना भिऊन पळतात. युरोपातल्या वाचकाला ही थाप वाटते. मराठी वाचकाला लगेच कळते, हा प्राणी म्हणजे घूस. दौलताबादेत द्राक्षे आणि डाळिंबे होतात आणि वर्षातून दोनदा फळ येते, असेही त्याने लिहिले आहे. भूमध्य समुद्राकाठच्या माणसाला ते नवल वाटणारच, कारण तिकडे द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून एप्रिलची आणि ऑक्टोबरची अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. डाळिंबाचे तर मृग, हस्त आणि आंबे बहार प्रत्येक शेतकऱ्याला पाठ आहेत. गावातले श्रीमंत जवाहिरे ‘साह’ म्हणवतात, हेही त्याने टिपले. साव आणि सावकार हे शब्द ज्याच्या कानावर आहेत त्याला हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. तिथल्या गाणाऱ्यांच्या ‘तरबाबाद’ नावाच्या बाजारात दर गुरुवारी तिसऱ्या प्रहराच्या नमाजानंतर गाणाऱ्यांचा मुखिया बसतो, इतके बारीक तपशील त्याच्याकडे आहेत.

म्हणजे डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूंच्या बाबतीत हा माणूस पक्का आहे. पण पुढे नंदुरबारला या. तिथले मराठे कारागिरीत, वैद्यकीत आणि ज्योतिषात कुशल आहेत, त्यांच्यातले थोर लोक म्हणजे ब्राह्मण आणि क्षत्रिय, ते भात, भाज्या आणि तिळाचे तेल खातात, जिवाला दुखवत नाहीत, जेवणापूर्वी स्नान करतात आणि सात पिढ्यांच्या आत नातलगांत लग्न करत नाहीत, असे तो लिहितो. इथे थांबून विचार करावा. सात पिढ्यांचा नियम धर्मशास्त्रातल्या सापिंड्याचा, म्हणजे जवळच्या रक्तनात्यात लग्न न करण्याचा. प्रत्यक्षात दख्खनेत मामाच्या मुलीशी लग्न ही कितीतरी जातींत जुनी, मानाची रीत. मांस न खाणारे लोकही सगळ्या समाजाचा एक भागच. त्याने खोटे लिहिलेले नाही. त्याला ज्यांनी सांगितले ते वरच्या थरातले, शास्त्र जाणणारे लोक होते आणि त्यांनी पाहुण्याला चाल सोडून नियम सांगितला. जगभर असेच घडते. परक्यापुढे घरातली रीत सांगताना माणूस पोथीतली रीत सांगतो.

आणि मराठा स्त्रियांच्या नाकाचे, भुवयांचे कौतुक करणारा त्याचा परिच्छेद? तो गुलाम स्त्रिया विकत घेणाऱ्या आणि बाळगणाऱ्या माणसाने लिहिला आहे. स्वतंत्र घरातली मराठा स्त्री त्याच्याशी बोलली असण्याचा संभव फार थोडा. त्या ओळींतून मराठा स्त्रीविषयी काही कळत नाही, चौदाव्या शतकातल्या बाजाराविषयी कळते.

आता ही तीन गाळणी घेऊन, म्हणजे पाहिलेले, ऐकवलेले आणि ज्यांच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही असे, त्याचे दमास्कस किंवा मक्का वाचायला बसावे. तिथे चौथे गाळणे लागते: उसने घेतलेले. इब्न बतूताच्या टिपणांपैकी काही समुद्रावर चाच्यांनी लुटले तेव्हाच गेली. मोरोक्कोतल्या फेझला परतल्यावर तिथल्या सुलतान अबू इनान याच्या आज्ञेवरून त्याने आठवणींतून सांगितले आणि इब्न जुझय्य या दरबारी लेखकाने ते १३५५च्या अखेरीपर्यंत उतरवून घेतले. जिथे आठवण पुरली नाही तिथे या लेखकाने त्याच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षे आधीच्या इब्न जुबैरच्या पुस्तकातून मक्का, मदिना, दमास्कस, अलेप्पो यांची वर्णने पानेच्या पाने उचलली. वाचताना ओळखण्याची खूण सोपी आहे. वाक्ये यमकात बांधलेली, शहराची स्तुती फुलवलेली आणि त्यात कोणी माणूस नाही असे दिसले की सावध व्हावे. ताप, मेजवानी, कर्ज, रुसवा, नजराण्याचा आकडा आला की तो खुद्द इब्न बतूता. व्होल्गाकाठच्या बुल्गार गावाला तो दहा दिवसांत पोहोचला म्हणतो, ते अंतर पाहता अभ्यासकांना पटलेले नाही.

मग मूळ इब्न जुबैरच का वाचू नये? माझ्या मते अरबी प्रवासवर्णनांत त्याच्या तोडीचा दुसरा नाही. हा स्पेनमधल्या वालेन्सियाचा, ग्रॅनडाच्या दरबारात चिटणीस. ११८३ ते ११८५ असा प्रवास, आणि तारखा, चंद्रदर्शन, वारा यांची नोंद रोजनिशीसारखी. मक्केत तो आठ महिन्यांवर राहिला, म्हणून काबेभोवतीच्या वर्षभराच्या व्यवहाराचे, दिव्यांचे, रमजानच्या रात्रींचे त्याच्याइतके तपशील मिळणे कठीण. त्याचे अलेक्झांड्रियाच्या बंदराचे पान तर मराठी वाचकासाठीच लिहिले आहे म्हणावे. गलबत लागताच सुलतानाचे कारकून चढतात, एकेका मुसलमान प्रवाशाचे नाव, गाव, वर्णन लिहितात, सामान उलटेपालटे करतात, कमरेत हात घालतात, कुराणावर शपथ घेववतात. आणि सगळ्यांकडून ‘जकात’ वसूल करतात. जकात हे वर्षभर जवळ राहिलेल्या संपत्तीच्या चाळिसाव्या हिश्श्याचे धर्मदान. वर्ष पूर्ण झाले की नाही हे न विचारता हाजींकडून ती नाक्यावर घेणे हा अन्याय आहे, असे इब्न जुबैर कळवळून लिहितो. ‘जकात नाका’ हा शब्द लहानपणापासून ऐकलेल्या आपल्याला तिथे एक गोष्ट उमगते. धर्मदानाचा शब्द नाक्यावरच्या करासाठी वापरणे ही खोड आठशे वर्षांपूर्वीच्या बंदरातही होती.

आणि हाच माणूस पुढच्या वर्षी क्रुसेडरांच्या, म्हणजे युरोपातून धर्मयुद्धाला आलेल्या ख्रिस्ती फ्रँकांच्या, ताब्यातल्या अक्का शहरात जातो तेव्हा काय लिहितो? नाक्यावरचे ख्रिस्ती कारकून आबनुसी, सोन्याने मढवलेल्या दौती घेऊन बसले आहेत, अरबीत लिहितात-बोलतात, आणि झडती घेतात तीही अदबीने. शहराला तो शाप देतो, पण कारकुनांचे वागणे लपवत नाही. वाटेवरच्या खेड्यांतले मुसलमान शेतकरी फ्रँकांच्या हाताखाली सुखी आहेत, आपल्याच धर्माच्या मालकांच्या हाताखालचे नाहीत, हे लिहिताना त्याला यातना होतात, तरी तो लिहितो. आपल्या बाजूला न आवडणारे जो लिहितो त्याच्यावर इतर ठिकाणीही विश्वास टाकायला हरकत नाही.

प्रत कोणती घ्यावी हे सांगितले पाहिजे, कारण घोटाळा बहुधा तिथेच होतो. इब्न बतूताचे इंटरनेटवर फुकट सापडणारे सॅम्युएल लीचे १८२९चे भाषांतर हे पूर्ण ग्रंथाचे नाही. ते एका संक्षिप्त हस्तलिखितावरून केलेले आहे. गिब यांची १९२९ची एका खंडातली निवडही निवडच. पूर्ण भाषांतर हॅक्लूट सोसायटीने १९५८ ते १९९४ या काळात चार खंडांत काढले, आणि दौलताबाद, नंदुरबार, खंबायत, मलबार हा भाग चौथ्या खंडात आहे. तिसऱ्यात दिल्ली संपते. हे खंड महाग आहेत. आपल्यासाठी सोयीची प्रत आगा महदी हुसेन यांची: भारत, मालदीव आणि श्रीलंका एवढाच भाग, बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने १९५३ साली छापलेला, टिपा भारतीय वाचकाला उपयोगी पडतील अशा. जुन्या विद्यापीठीय ग्रंथालयांत विचारून पाहावे. इब्न जुबैरसाठी ब्रॉडहर्स्टचे १९५२चे भाषांतर. मसूदीचे आणि त्याआधीच्या, इ. स. ८५१च्या सागरी वृत्तांताचे भारताविषयीचे उतारे एलियट आणि डाउसन यांच्या भारताच्या इतिहासविषयक उताऱ्यांच्या इंग्रजी संग्रहाच्या पहिल्या खंडात (१८६७) एकत्र मिळतात, पण तिथे एक सावधगिरी हवी. इंग्रजी राज्य किती उपकारक हे हिंदी लोकांना पटावे, हा हेतू एलियटने स्वतःच १८४९च्या प्रस्तावनेत उघड सांगितला आहे. कोणता उतारा घ्यायचा आणि कोणता गाळायचा, हे त्या हेतूने ठरले. त्या सागरी वृत्तांताचे पूर्ण आणि ताजे भाषांतर टिम मॅकिंटॉश-स्मिथ यांनी २०१४ मध्ये केले असून त्याच पुस्तकात इब्न फदलानचा ९२१-२२चा बगदाद ते व्होल्गा हा प्रवासही आहे.

वाचताना तीन गोष्टी हाताशी ठेवाव्यात. तारखांसाठी: हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचे, म्हणून सालाला ०.९७ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन एखाद्या वर्षाच्या फरकाने मिळतो. ३०४ म्हणजे ९१६-१७. महिने ऋतूंबरोबर राहत नाहीत, दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात. ‘रजबमध्ये निघाला’ यावरून उन्हाळा की पावसाळा ते ठरवू नये. दिवस सूर्यास्तापासून मोजतात, त्यामुळे शुक्रवारची रात्र म्हणजे आपली गुरुवारची रात्र. ‘जुमेरात’ हा शब्द आठवला तरी पुरे. नावांसाठी: अरबी लिपीत प, च आणि ग यांना अक्षर नाही, ट-ण-ळ नाहीत, आणि ब, त, न, य यांच्यात शब्दाच्या मधोमध फरक फक्त नुक्त्यांचा, म्हणजे टिंबांचा. नक्कल करणाऱ्याचा एक नुक्ता सुटला की गाव बदलते. ठाण्याचे ताना, सोपाऱ्याचे सुबारा, देवगिरीचे दुवैकीर, गोव्याकडच्या चंद्रपूरचे सिंदाबूर झाले ते असे. नकाशात नाव सापडले नाही तर मोठ्याने म्हणून पाहावे, बहुधा सापडते.

तिसरी गोष्ट म्हणजे आपली स्वतःची भाषा. इंग्रजी भाषांतरात ‘स्टेज’ असे येते तिथे मूळ शब्द ‘मंझिल’ किंवा ‘मरहला’, एका दिवसाची वाट. मंझिलचीच आपली ‘मजल’, आणि ‘मजल दरमजल करत’ हा वाक्प्रयोग रिहलेच्या वहीतून उचलल्यासारखा. मुक्काम, सफर, मुसाफिर, खलाशी, मुलूख, तारीख, वकील, रयत, इमारत, फलाणा हे सगळे अरबीतून आपल्याकडे आले. ‘मोसम’ हा मूळचा ‘मौसिम’, म्हणजे गलबते सोडण्याचा ठरलेला काळ. इंग्रजीतून वाचताना हे शब्द मनात परत मराठीत आणले तर वाक्य लगेच जवळचे होते.

युरोपीय प्रवासी वाचूच नयेत असे मुळीच म्हणायचे नाही. त्यांनाही आपल्या अंगणात तपासता येते. डेन्मार्कच्या राजाने १७६१ साली अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेतले सहापैकी पाच जण तापाने मेले. एकटा मोजणीदार कार्स्टन नीबूर वाचला. येमेनहून तो १७६३ मध्ये मुंबईला आला आणि वर्षाहून अधिक राहिला. या मुक्कामात घारापुरीला पुन्हा पुन्हा जाऊन त्याने लेण्यांची मापे घेतली, आराखडा काढला, मूर्ती रेखाटल्या. ज्याला शंका असेल त्याने त्याची रेखाटने घेऊन लाँचने घारापुरी गाठावी. त्याच हाताने, खिशातल्या होकायंत्रावर आणि पावले मोजून, त्याने येमेनच्या गावांचे नकाशे काढले. त्याचे लिखाण रुक्ष वाटेल, पण बैत अल्-फकीहच्या कॉफीच्या बाजाराविषयी वाचायचे तर त्याचेच वाचावे. जगाला मोखाची कॉफी विकणारे येमेनी स्वतः मात्र बीने नव्हे, तर बीच्या टरफलांच्या काढ्याने, ‘किश्र’ने, पाहुण्याचे स्वागत करतात, असली घरगुती गोष्ट त्याच्याकडे मिळते. इंग्रजीतले १७९२चे हेरनचे भाषांतर कापलेले आहे, एवढे लक्षात ठेवावे.

रिचर्ड बर्टनची परीक्षा गोव्यात होते. मुंबई लष्करातला हा अधिकारी १८५३ साली वैद्य शेख अब्दुल्ला बनून मदिना-मक्केला जाऊन आला, आणि त्या प्रवासाचे त्याचे पुस्तक प्रत्येक यादीत असते, आपल्याही आहे. त्याच्या आधीचे, १८५१चे गोव्यावरचे पुस्तक ज्यांनी वाचले आहे त्यांना ठाऊक आहे की वाटा, घरे, खर्च, भाषा यांत त्याची नजर तल्लख होती आणि गोव्यातल्या माणसांविषयी, विशेषतः मिश्र वंशाच्या ख्रिश्चनांविषयी, तो तुच्छतेनेच लिहीत होता. मक्केच्या पुस्तकातही मापे घ्यावीत आणि ‘अमुक जात लबाड, तमुक जात उमदी’ ही वाक्ये सोडून द्यावीत. शिवाय वेषांतर करून नमाजाच्या रांगेत उभ्या राहिलेल्याला सोबतचे लोक जे सांगतात ते एका भावाला सांगतात, आणि तो ते परक्यांना विकतो. हे मला खटकते.

हजविषयीच वाचायचे तर भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम यांचा वृत्तांत (प्रवास १८६३-६४, इंग्रजी भाषांतर १८७०) बर्टनच्या वर ठेवावा. राज्य चालवणारी बाई, मुंबईहून जहाजाने गेलेली, श्रद्धाळू, आणि तरीही जेद्दाच्या नाक्यावर सामानाची कशी वासलात लावली, मक्केच्या शरीफाचे, म्हणजे तिथल्या सत्ताधीशाचे, लोक कसे पैसे काढतात, रस्ते किती घाण, हे एखाद्या महसूल अधिकाऱ्याच्या काटेकोरपणाने लिहिणारी. इब्न जुबैरचे अलेक्झांड्रिया आणि बेगमसाहेबांचे जेद्दा लागोपाठ वाचून पाहावे.

स्त्रीप्रवाशांचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. अरब घराचा निम्मा भाग पुरुष पाहुण्याला बंद असतो. लेन कैरोत वर्षानुवर्षे राहिला, अस्खलित अरबी बोलला, तरी जनान्याविषयी त्याने लिहिले ते ऐकीव. त्याची बहीण सोफिया पूल १८४२ मध्ये कैरोला गेली, आत जाऊ शकली, आणि तिची पत्रे १८४४पासून पुस्तकरूपाने आली. भावाचे आणि बहिणीचे पुस्तक एकत्र वाचले की घर पुरे होते. फ्रेया स्टार्कचे दक्षिण अरबस्तानातल्या हद्रमौतवरचे पुस्तक (१९३६) त्याच कारणासाठी घ्यावे. हद्रमौत आपल्याला वाटते तेवढे लांब नाही. तिथले अरब निजामाच्या फौजेत आले, हैदराबादेत बारकस ही त्यांची वस्ती झाली, आणि मराठवाड्यातली चाऊस घराणी त्यांच्यापैकीच. हद्रमौतमधल्या शिबाम गावच्या मातीच्या सहा-सात मजली घरांत जावा, सिंगापूर आणि हैदराबादेत कमावलेला पैसा आहे.

वाळवंटावरच्या पुस्तकांविषयी थोडक्यात. डाउटी, लॉरेन्स, थेसिगर यांची गद्यशैली मोठी, यात वाद नाही. पण उंटावर फिरणारे बदाऊन हे अरब समाजातले मूठभर लोक. बहुसंख्य अरब शहरांत आणि नदीकाठच्या खेड्यांत राहत आले. यादीत सातांपैकी पाच पुस्तके वाळूची असतील तर वाचकाला नाईलचा कापूस पिकवणारा फल्लाह आणि अलेप्पोचा साबण करणारा कधीच भेटणार नाही. त्यासाठी अमिताव घोष यांचे ‘इन अ‍ॅन अँटिक लँड’ (१९९२) पुरेसे आहे. इजिप्तच्या खेड्यात लोक या भारतीय पाहुण्यालाच प्रश्न विचारतात: तुम्ही गाईला पूजता का, मेलेल्याला जाळता का, सुंता का करत नाही? उत्तरे देताना त्याची होणारी घालमेल आपल्याला अगदी आतून कळते. त्याच पुस्तकात कैरोच्या गनिझातल्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या जुन्या कागदांच्या कोठीतल्या, कागदांतून मंगळुरात सतरा वर्षे राहिलेला बाराव्या शतकातला ज्यू व्यापारी आणि त्याचा तुळू प्रदेशातला गुलाम सापडतो. म्हणजे पुन्हा पश्चिम किनाराच.

विनंती एवढीच की पुढची यादी छापताना प्रत्येक पुस्तकासमोर चार गोष्टी द्याव्यात: प्रवास कोणत्या साली झाला, लेखक तिथल्या लोकांशी कोणत्या भाषेत बोलला, मूळ पुस्तक कोणत्या भाषेतले, आणि सुचवलेली प्रत पूर्ण आहे की कापलेली. आणि यादीच्या अगदी वर, जागा थोडी असली तरी, इब्न बतूताची दौलताबाद-नंदुरबारची दोन-तीन पाने मराठीत छापावीत.

कळावे,

आपला,
एक वाचक, अलिबाग